लंडनमध्ये पँटो कुठला बघावा? मदत हवी आहे

मंडळी, डिसेंबरात सासूबाई पुण्याहून येतायत, त्यांना आणि माझ्या सहा वर्षांच्या लेकीला एकत्र पँटो (ख्रिसमसच्या सुमारास होणारं परीकथेवरचं विनोदी, गाण्यांचं नाटक) दाखवायचाय. पॅलेडियम थिएटरचा थाटमाट भारी असतो पण तिथले विनोद जरा जास्तच चावट, लेकीच्या डोक्यावरून जातील हो, सासूबाईंना मात्र इंग्रजी चांगलं कळतं, तीच भीती! हॅकनी एम्पायर किंवा हॅमरस्मिथच्या लिरिकला कोणी मुलांना घेऊन गेलंय का? बूस्टर सीट मिळते का? लेक एकदम अंधार झाला की घाबरते, म्हणून रिलॅक्स्ड शो घ्यावा म्हणतेय, त्यात दिवे पूर्ण घालवत नाहीत आणि आवाजही कमी ठेवतात, पण मग मोठ्यांची मजा कमी होते का ते सांगा.

बाईचं काम पुरुषाने करणं सासूबाईंना नवीन नाही, पण कुठे बालगंधर्वांचा नखरा आणि कुठे ही पँटोतली मुद्दाम बेंगरूळ दिसणारी डेम, म्हणजे बाईच्या वेशातला विनोदी पुरुष 😄 त्यात आपल्याकडे मोबाईल वाजला तरी नट प्रयोग थांबवतात आणि इथे प्रेक्षकांनीच 'तुझ्या मागे बघ' म्हणून बोंबलायचं. कोणी आईवडिलांना नेलं असेल तर त्यांना कितपत झेपलं? तिकिटं लवकर काढायचीयत, प्लीज सांगा.