मदत हवी आहे: सिंडिकेट लोन, ट्रस्टी आणि एमआयडीसीची एनओसी

महापे एमआयडीसीतल्या युनिटसाठी तीन बँकांचं मिळून टर्म लोन मंजूर आहे. तारण सिक्युरिटी ट्रस्टीच्या (तिन्ही बँकांच्या वतीने तारण सांभाळणारी संस्था) नावे, तिघींचा पारी पासू (समान दर्जाचा) चार्ज, म्हणजे तारणावरचा हक्क. प्लॉट लीजचा, म्हणून गहाणाला एमआयडीसीची एनओसी लागतेच. पण लीड (तिघींतल्या प्रमुख) बँकेने अर्ज फक्त स्वतःच्या नावे करायला लावला. आता ट्रस्टीचे वकील ती एनओसी चालवून घेत नाहीत (आणि बरोबरच आहे त्यांचं). त्यात जुन्या कॅश क्रेडिटवाल्या बँकेचा एक्सक्लुझिव्ह (फक्त तिचाच) चार्ज उभाच आहे. ती पारी पासूला संमती देईपर्यंत डिसबर्समेंट (कर्जाची रक्कम हातात येणं) नाही.

चार्ज झाला की ३० दिवसांत सीएचजी-१ (कंपनी रजिस्ट्रारकडे चार्ज नोंदवायचा फॉर्म), उशीर झाला तर एकूण ६० दिवसांपर्यंत जादा फी. टायटल डीड्स (प्लॉटच्या हक्काची कागदपत्रं) जमा केली की चार्ज झाला आणि हे दिवस मोजायला सुरुवात. म्हणून एनओसी हातात आल्याशिवाय टायटल डीड्स जमा करू नयेत, असं माझं मत.

ट्रस्टीच्या नावे एनओसी बदलून घेताना कुणाचं दुरुस्तीपत्रावर भागलं का, की नवा अर्जच करावा लागला?