१२ गिअरच्या माउंटन बाइकवर वायरलेस डिरेलर बसवावा का?

सिंहगडवारी: माझ्या सायकलीला स्रॅम कंपनीचा एनएक्स ईगल हा केबलवर चालणारा गिअरसंच असून पावसाळ्यात केबलच्या आवरणात चिखल शिरला, की गिअर अडखळतात. केवळ डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) आणि शिफ्टर (हँडलवरची गिअरची कळ) बदलून एएक्सएस, म्हणजे स्रॅमची वायरलेस प्रणाली, घेता येईल, की कॅसेट (मागची दातेरी चक्रे) व चेनही बदलावी लागेल?

ग्रीसचे हात: २०२१ साली आलेला जीएक्स ईगल एएक्सएस घेतल्यास आपली ११-५० दातांची कॅसेट चालेल, चेन मात्र झिजमापकाने तपासून मगच ठेवावी. स्रॅमचाच २०२३ चा ट्रान्समिशन हा वायरलेस संच घेण्याचा विचार असेल, तर त्याचा डिरेलर हँगरविना (डिरेलर अडकवायच्या तुकड्याविना) थेट फ्रेमवर बसत असल्याने फ्रेम यूडीएच या प्रमाणित हँगरच्या मापाचीच हवी, शिवाय कॅसेट आणि चेनही त्याच संचातली लागते, म्हणजे खर्च कुठल्या कुठे जातो. खरे सांगायचे तर, नवे आवरण आणि केबल घातल्यावरही आपली तक्रार बहुधा मिटेल.

मागची चढण: मी जीएक्स एएक्सएस वापरतो. बॅटरी साधारण २० तासांची स्वारी पुरवते आणि शिफ्टरमध्ये सीआर२०३२ सेल असतो, जो नेमका विसरला जातो. सायकल गाडीवर बांधून नेताना बॅटरी काढून ठेवावी, कारण हादऱ्यांनी डिरेलर चालू राहून बॅटरी उतरते; मुक्कामी पोहोचल्यावर लाल दिवा पाहून मी एकदा हे शिकलो.

सिंहगडवारी: आभारी आहे. आधी केबल बदलून पाहतो.