अँटिबॉडी आहेत म्हणून निर्धास्त राहू नका

मुलुंडच्या एका काकांचा हेपटायटिस सी (विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार) बरा झाला, रक्तात अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिनं) आहेत, म्हणजे डायलिसिसला आता पुन्हा लागण होण्याची भीती नाही, असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय. कृपया असं समजू नका. हेपटायटिस ए बाबत ते खरं आहे, सी बाबत नाही.

हेपटायटिस सीचा विषाणू स्वतःच्या प्रती काढताना सतत चुका करतो. त्याच्या ई२ या बाहेरच्या प्रथिनाचा एक भाग इतका बदलत राहतो की जुन्या अँटिबॉडींना तो ओळखूच येत नाही. त्याहून विलक्षण म्हणजे त्याचं एनएस३/४ए हे प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारं विकर (एन्झाइम). ज्या कात्रीने विषाणू स्वतःची प्रथिनं सुटी करतो, तिनेच तो यकृताच्या पेशीतलं एमएव्हीएस हे धोक्याचा इशारा पुढे पोचवणारं प्रथिन कापतो आणि इंटरफेरॉनचा (विषाणू आल्याचं इतर पेशींना कळवणाऱ्या प्रथिनाचा) इशारा दाबला जातो. पुढे विषाणूशी लढणाऱ्या टी पेशीही (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) थकतात. तरीही साधारण ३० टक्के लोकांत तो सहा महिन्यांत आपोआप जातो.

विषाणूविरोधी गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, पण पुन्हा लागण होऊ शकते. अँटिबॉडी चाचणी बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येत राहते. काका डायलिसिसवर आहेत, तेव्हा दर सहा महिन्यांनी आरएनए चाचणीबद्दल (रक्तात प्रत्यक्ष विषाणू आहे का ते दाखवणारी चाचणी) त्यांच्या डॉक्टरांशी नक्की बोला.