घरून काम मागितलं तेव्हा काय झालं? अनुभव लिहा

तापीकाठ
भाच्याचा सकाळी फोन आला, "मामा, घरून काम पाहिजे असा अर्ज कसा लिहू?" पाठीच्या कण्याला मार बसलाय त्याच्या. कंपनी पुण्यात, घर चोपड्याला. माझा जुना अर्ज शोधला आणि 2022 चा मे महिना जसाच्या तसा समोर आला.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. अंग तापलं की नजर धूसर होते, पाय उचलत नाही. गार खोलीत बसलो की हळूहळू ताळ्यावर येतो. त्यात जळगावचं ऊन, आणि रिक्षा सोडून ऑफिसपर्यंत पंधरा मिनिटं पायी. कोरोनात घरूनच काम केलं, एकही महिनाअखेर चुकली नाही. मग सगळ्यांना परत बोलावलं.

पहिला अर्ज चार पानी. आजार कधी कळला, किती इंजेक्शनं, आईची काळजी, सगळं लिहिलं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, 'विश्रांतीची गरज आहे.' एचआरने चिठ्ठी वाचून आजारपणाची रजा टाकली. मला रजा नको होती, काम हवं होतं! रजा संपली, मग बिनपगारी. ते सहा आठवडे फार वाईट गेले.

दुसरा अर्ज अर्धं पान. चिठ्ठी बदलून घेतली, 'काम करण्यास सक्षम, उष्णता व उन्हातला प्रवास टाळावा.' खाली कामं मांडली. बिलं तपासणं, जीएसटीचा मेळ, पार्ट्यांचे फोन हे घरून. गोडाऊनची मोजणी महिन्यातून एकदा, सकाळी सातला येऊन. मार्च ते जून एवढंच, आधी दोन महिने करून बघा. तीन दिवसांत सही झाली.

म्हणून सगळ्यांना सांगतो, आजाराची कहाणी कमी आणि कामाचा हिशोब जास्त लिहा. तुमचं काय झालं?

सातपुडा_नंदुरबार
काय सांगू भाऊ, मनं बी आसंच व्हयनं. सिकलसेल, रक्ताचा आजार. थंडीत पहाटे गाडीवर निघालं की दोन दिवसांत सांधे धरतात, मग सलाईन. साहेब म्हणाले, "तुझ्याकडे बघून तर काही वाटत नाही." सिकलसेल दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत आहे हे तेव्हा मलाच माहीत नव्हतं. घरून नाहीच मिळालं, पण डिसेंबर-जानेवारीत अकराला यायची परवानगी मिळाली. त्या वर्षी एकदाच ॲडमिट झाले.

अमळनेरकर
ताई, अकराची परवानगी लेखी घेतली का? साहेब बदलले की तोंडी शब्द गेला.

सातपुडा_नंदुरबार
नाही घेतली 😔 उद्याच मेल टाकते.

कापूसवेचणी
मला उलटा अनुभव. कमी ऐकू येतं, ओठांवरून समजतं. घरून काम सुरू झालं आणि मिटींगमध्ये सगळ्यांचे कॅमेरे बंद! मी भांडून ऑफिसला परत गेलो. प्रत्येकाला घरूनच हवं असतं असं नाही, हेही लिहून ठेवा.

तापीकाठ
दादा, बरं केलंत लिहिलंत. भाच्यालाही हेच विचारतो, नक्की काय अडतंय.

यावलची_लेक
सरकारी नोकरीलाच लागू आहे ना हे सगळं? माझी खाजगी, पन्नास माणसं.

अमळनेरकर
ताई, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा. सरकारी आस्थापनेने वाजवी सोय द्यायचीच, कलम 20. नोकरीत असताना अपंगत्व आलं तरी काढता किंवा पद उतरवता येत नाही, तेही त्यातच. खाजगीला कलम 21, समान संधी धोरण. वीस किंवा जास्त माणसं असली तर काम नीट करता यावं म्हणून काय सोयी देणार ते त्या धोरणात लिहावं लागतं, आणि दिव्यांगांची भरती, सोयी बघणारा एक लायझन ऑफिसरही नेमावा लागतो. आधी एचआरकडे ते धोरण मागा. आमच्याकडे मी मागितल्यावर तयार झालं.

यावलची_लेक
धन्यवाद दादा. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र आहे, अपंगत्व 45 टक्के. सोमवारी मागते.

केळीबाग_रावेर
घरून मिळालं पण लाईटचं काय! आमचं घर मळ्यात, शेतीच्या फिडरवर. दिवसा लाईट एका आठवड्यात, रात्री दुसऱ्या. पोलिओमुळे एक पाय बारीक, रोज भुसावळला जाणं होत नव्हतं म्हणून मागितलं होतं. शेवटी इन्व्हर्टर घेतला आणि लाईटची पाळी बघून कामाचे तास साहेबांशी ठरवले. मळ्यात राहणाऱ्यांनी हे अर्जातच लिहावं.

यावलची_लेक
इन्व्हर्टर कितीचा बसला? बॅटरी कुठली?

केळीबाग_रावेर
दुकानातून बिल शोधून टाकतो ताई, आत्ता पाणी भरायला चाललो.

धुळ्याची_माई
मी शाळेत शिकवते, घरून कसलं काम! गुडघे गेले, वर्ग दुसऱ्या मजल्यावर. मुख्याध्यापकांना तळमजला मागितला, म्हणाले वेळापत्रक बसत नाही. मी स्वतः वेळापत्रक मांडून दिलं, दोन वर्गांची अदलाबदल फक्त. बसलं.

सातपुडा_नंदुरबार
माई 🙏 हेच ते, हिशोब मांडून देणं.

भुसावळ_जंक्शन
अर्जात पत्ता घालायला विसरू नका. मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी पाचोऱ्याला आले, तिथून काम केलं, तर मेल आला की मंजुरी भुसावळच्या पत्त्याची आहे. आता दोन्ही पत्ते लिहून घेतलेत.

धुळ्याची_माई
पाचोऱ्याची का गं तू? यंदा झोका बांधला का?

भुसावळ_जंक्शन
हो माई, निंबाला बांधलाय. पुरण शिजतंय, खापर तापत ठेवलंय. जेवण झालं की तापीकाठ दादांच्या भाच्यासाठी माझा अर्ज टाकते.