केळीच्या पानांतील विषाणू आणि नकारात्मक पीसीआर

लक्षणे स्पष्ट असूनही केळीच्या पानांतून काढलेल्या डीएनएवरची पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करून तो ओळखणारी चाचणी) नकारात्मक आली, म्हणून ते रोप विषाणूमुक्त मानावे, या मताशी मी सहमत नाही. पर्णगुच्छ, म्हणजे बंची टॉप, या रोगाचा विषाणू डीएनएचा असल्याने त्याच्यासाठी ही पद्धत चालते. परंतु केळीवरच येणाऱ्या कुकुंबर मोझॅक विषाणूचे जनुकद्रव्य आरएनए असते, त्यामुळे तेथे आरएनए काढून त्याचे आधी सीडीएनएमध्ये, म्हणजे आरएनएवरून बनवलेल्या डीएनए प्रतीमध्ये, रूपांतर करावे लागते.

खरी अडचण केळीच्या ऊतींचीच आहे. त्यांतील पॉलिफेनॉल आणि पॉलिसॅकराइड अर्कात उतरतात व पीसीआरमध्ये डीएनएच्या प्रती बनवणाऱ्या पॉलिमरेज विकराचे काम अडवतात. म्हणून सीटीएबी या डीएनए काढण्याच्या द्रावणात २ टक्के पीव्हीपी (पॉलिफेनॉल बांधून ठेवणारा पदार्थ) आणि थोडे मर्कॅप्टोइथेनॉल (अर्क तपकिरी होण्यापासून रोखणारे रसायन) घालून, ते ६५ अंश सेल्सिअसला तापवूनच ऊतींची पूड त्यात मिसळावी; अर्क तपकिरी दिसला तर तो पुन्हा शुद्ध करावा, निदान दहापट विरल करून पाहावा. पर्णगुच्छाचा विषाणू अन्नवाहिन्यांतच राहतो, त्यामुळे पात्याऐवजी मध्यशीर घेणे मला अधिक भरवशाचे वाटते. आणि प्रत्येक नमुन्यासोबत केळीच्याच एखाद्या जनुकाची पीसीआर अवश्य लावावी. जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे वेगळे करून दाखवणाऱ्या थरावर, तिचाही पट्टा दिसला नाही, तर विषाणूच्या नकारात्मक निकालाला काहीच अर्थ उरत नाही.