मदत हवी आहे: खोकलं की लघवी सुटते, व्यायाम सांगा (सातारा)

वजन ९४ किलो. खोकले, जोरात हसले, भरलेली बादली उचलली की लघवी सुटते, तीन वर्षं झाली. डॉक्टरांनी वर पण न बघता वजन कमी करा म्हणून सांगितलं, पण चालायला अजिंक्यताऱ्यावर गेले तर अर्ध्या चढातच पॅड ओलं, मग परत फिरते. पुतणीच्या हळदीत वास येईल म्हणून लांब बसून राहिले, ती सारखी बोलवत होती. एसटीने पुण्याला जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद. ऑपरेशन नको, फक्त व्यायाम सांगा. लवकर.

माहुलीकर: वय? डिलिव्हरी किती, नॉर्मल का सिझर? शुगर बघितली? खोकल्यावरच सुटते का घाई लागून वाटेत पण?

वाईची_काकी: मी पिशवी काढली, मोकळी झाले. तू पण काढ, नसती कटकट.

फिजिओ_कराड: काकी, असं सरसकट नका सांगू. लघवी सुटण्यावर पिशवी काढणं हा इलाज नाही. तुमचं अंग बाहेर येत होतं का?

वाईची_काकी: हो, त्यासाठीच काढली. पण मला फरक पडला तो पडलाच ना.

रानमेवा: गोखरूचा काढा घ्या, आमच्या आत्याला गुण आला.

पहाटफेरी: किल्ल्यावर साडेपाचला जावं, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.

धागाकर्ती: गाडीचं कोण विचारतंय? वय ४६, दोन्ही नॉर्मल, धाकटा चार किलोचा होता. शुगर दोन वर्षांपूर्वी बघितलेली. घाई लागून पण सुटते, ते लिहायचं राहिलं.

फिजिओ_कराड: हेच महत्त्वाचं होतं, म्हणजे दोन्ही प्रकार आहेत. शुगर आणि लघवी आधी तपासा, काढा नंतर. पाणी तोडू नका, लघवी घट्ट झाली की घाई वाढते, चहा कमी करा. तीन दिवस किती प्यायलं, कधी गेले, कधी सुटली ते वहीत लिहा. व्यायाम म्हणजे गॅस अडवतो तसं आत ओढून धरायचं आणि सोडायचं, ८ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास रोखायचा नाही, मांड्या आवळायच्या नाहीत, लघवी करताना सराव नको. बऱ्याच जणी उलट खाली जोर देतात म्हणून एकदा फिजिओकडून तपासून घ्या. चढ सध्या सोडा, शाहू स्टेडियमवर सपाटीला चाला. पोटाच्या वजनाचा दाब मूत्राशयावर आणि खालच्या स्नायूंवर कायम असतो, तो थोडा उतरला तरी फरक पडतो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ३३८ बायकांचा अभ्यास छापून आला, त्यात सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरलं तर सुटायच्या वेळा ४७ टक्क्यांनी कमी झाल्या, नुसती माहिती दिलेल्या गटात २८. तुमच्या बाबतीत ते सात-साडेसात किलो होतात.

वाईची_काकी: आणि अंग बाहेर येत असेल तर वजन उतरवून वर जातं होय?

फिजिओ_कराड: नाही काकी, ते बहुतेक तसंच राहतं. त्याला रिंग बसवतात, नाहीतर ऑपरेशन.

धागाकर्ती: सात किलो जमेल. साताऱ्यात लेडी फिजिओ कोण बघतं हे?

नवीन_सभासद: मला पण सांगा. माझं १०१ आहे, घरात अजून कुणाला बोलले नाही. शुगर उपाशीपोटीच बघायची ना?