रोशा तेलाचा वास वेगळा येतो आहे: मोतिया की सोफिया, हे कसे ओळखावे?

नमस्कार. मी गेली तीन वर्षे घरी साबण करते आणि त्याला गुलाबाचा वास यावा म्हणून रोशा तेल वापरते. गुलाबाचे अस्सल तेल साबणात घालणे परवडत नाही. रोशा गवताच्या चांगल्या तेलात साधारण ७० ते ८५ टक्के जिरॅनिऑल, म्हणजे गुलाबासारख्या वासाचे द्रव्य, असते आणि गुलाबाच्या तेलातही हा एक मुख्य घटक असल्याने दोन्ही वास जवळचे वाटतात. पूर्वी खानदेशातले हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानपर्यंत जाई आणि तिथे गुलाबाच्या तेलात मिसळले जाई, यावरून हे साम्य किती असेल ते लक्षात यावे.

अडचण नव्या बाटलीची आहे. जुन्या तेलाचा थेंब कागदाच्या पट्टीवर टाकला की आधी ओल्या गवताचा, किंचित लिंबासारखा वास येई आणि अर्ध्या-पाऊण तासाने गुलाब उमटे. नव्या तेलाला मात्र पहिल्यापासून आले आणि शहाजिरे यांच्यामधला उग्र वास आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी हुंगली तरी त्यात गुलाब सापडला नाही.

रोशाच्या दोन जाती आहेत. मोतिया कोरड्या, उन्हाच्या उतारावर विरळ वाढतो. सोफिया ओलसर, सखल जागी दाट वाढतो. दिसायला दोन्ही इतके सारखे असतात की कापणीतच सरमिसळ होऊ शकते. सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल कमी असते आणि लिमोनीनसारखे (लिंबू-संत्र्याच्या सालीतही असणारे) घटक जास्त असतात, त्यामुळे माझ्या बाटलीत सोफियाच आला असावा, अशी मला दाट शंका आहे.

ज्यांनी दोन्ही तेले हाताळली आहेत, त्यांनी कृपया सांगावे: एवढ्या वासावरून खात्री धरावी, की गॅस क्रोमॅटोग्राफीचा (तेलातले घटक वेगळे करून त्यांचे प्रमाण मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीचा) अहवाल मागितल्याशिवाय विक्रेत्याशी बोलू नये? साबणासाठी वापरलेल्या कॉस्टिक सोड्यामुळे तेलातल्या जिरॅनिल ॲसिटेटचे (जिरॅनिऑलपासून बनलेल्या एका संयुगाचे) विघटन होऊन जिरॅनिऑल सुटते, हे मला माहीत आहे; पण तेवढ्याने हा उग्रपणा झाकला जाईल का? वाळ्याचे किंवा चंदनाचे तेल जोडीला देऊन कोणी असा वास सावरला असेल, तर प्रमाण अवश्य कळवावे. जिरॅनिऑल काहींच्या त्वचेला सोसत नाही, म्हणून सगळे सुगंधी तेल मिळून मी साबणातल्या तेलांच्या वजनाच्या २ टक्क्यांवर जात नाही. उपाय त्या मर्यादेत बसणारा हवा.